हाऊलंडच्या टेकडीची चाल

मी, ओसला मुअट, वय ८१, धंदा विणकाम, राहणार सँडगार्थ, येल बेट, शेटलंड. आज लर्विक पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझा थोरला भाऊ गिडियन फिडल, म्हणजे आमच्याकडचे व्हायोलिन, वाजवत असे. तो २००९ साली वारला. मधला भाऊ लॉरी त्याच्या कितीतरी आधी गेला.

आमच्या गावात लग्नाच्या शेवटी नवरानवरीला सभागृहात एक फेरी घालायला लावतात. त्या वेळी 'हाऊलंडच्या टेकडीची चाल' वाजते. साठ वर्षे हीच वाजते आहे. यंदा मार्चमध्ये ग्लासगोच्या एका ध्वनिमुद्रण कंपनीचे पत्र आले. चाल त्यांच्या संगीतकाराने अकरा वर्षांपूर्वी रचली असून तिची नोंद झाली आहे, परवानगीशिवाय ती वाजवू नये, असे त्यात होते. गावातल्या मुलींनी वाजवलेली फीत इंटरनेटवरून काढून टाकण्यात आली.

सभागृहाचे चिटणीस अर्टी टुलॉक माझ्याकडे आले. येत्या शनिवारी त्यांच्या मुलीचे लग्न आहे. ते म्हणाले, "ओसलामावशी, सही कर. गिडियनची चाल वाजवायला आपण ग्लासगोला विचारायचं? उद्या वाऱ्यालाही पावती फाडतील हे." चाल गिडियनने रचली, अशा प्रतिज्ञापत्रावर मी सही केली.

ते प्रतिज्ञापत्र खोटे आहे, अशी कंपनीची तक्रार आहे. त्यांनी पुरावा म्हणून सादर केलेली १९८३ सालची रेडिओवरील मुलाखत मला येथे ऐकवण्यात आली. आवाज माझ्या भावाचा आहे. तो म्हणतो, "छे, छे, मी कुठली करतोय! टेकडीवर झोपलो होतो. आतली माणसं वाजवत होती, मी ऐकली. मधेच थांबली लबाडं, शेवट काही दिला नाही."

मुलाखत मी पुन्हा एकदा ऐकवायला सांगितली.

आमच्याकडे 'चाल मी केली' असे कोणी म्हणत नाही. टेकडीतून, तिच्या पोटात राहणाऱ्या अदृश्य माणसांकडून आली, समुद्रावरून आली, असेच म्हणतात. पण गिडियन ते रीत म्हणून म्हणत नव्हता. त्याला ते खरे वाटत होते.

हवालदार रेंडल यांनी समजावले की टेकडीच्या नावाने नोंद होत नाही. मुलाखतीत चाल वाजलेली नाही, तेव्हा रचणारा माणूस दाखवता आला नाही, तर कंपनीची नोंद कायम राहील. म्हणून पुढील हकिकत सांगते. ती यापूर्वी कोणाला सांगितलेली नाही.

१९६३ च्या जून महिन्यात गिडियन आणि मी हाऊलंडच्या टेकडीवर, जळणासाठी कापलेल्या पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या मातीच्या, विटा वाळण्यासाठी उभ्या करत होतो. देवमाशांच्या शिकारीहून तो महिन्यापूर्वी एकटाच परतला होता. लॉरी त्याच्याबरोबर गेला होता. आल्यापासून गिडियनने फिडलची पेटी उघडली नव्हती. घरात त्याला कोणी काही विचारत नसे.

दुपारी आम्ही बॅनॉकच्या जाड भाकऱ्या खाल्ल्या, बाटलीतला चहा प्यायलो. धुके उतरले. समोरची खाडी दिसेनाशी झाली, मग गवताच्या तुऱ्यांचा पांढरा कापूस, मग माझे बूट. गिडियन टेकडीला डोके टेकून झोपला. मी त्याच्या उशाशी विणत बसले. धुक्यात काम सुचत नाही, हात मात्र चालतात. सुयांच्या लयीत मी काहीतरी गुणगुणू लागले. ते मी आधी कधी ऐकले नव्हते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. गिडियन हलला तशी मी थांबले.

तो उठून बसला. म्हणाला, "ऐकलंस?"

मी म्हणाले, "काय?"

"वाजवत होते. आत."

मी म्हणाले, "मला नाही ऐकू आलं."

तो विटा तशाच टाकून घरी गेला. मी संध्याकाळी खाली आले तेव्हा आई दारात उभी होती आणि आत फिडल वाजत होते.

त्याला का सांगितले नाही, असे विचारले असता सांगते की तो वाजवत होता.

गिडियनची चाल अर्ध्यावर तुटते, कारण मी तेथे थांबले होते. कंपनीची तबकडीही मला ऐकवली. ती तेथेच तुटते. उरलेला भाग मला येतो. तो मी या ठाण्यात गुणगुणून दाखवला. हवालदारांनी तो ध्वनिमुद्रित केला आहे.

चाल माझी आहे. प्रतिज्ञापत्रात भावाचे नाव दिले ते खोटे होते, हे मला मान्य आहे. त्याबद्दल जी कारवाई होईल ती व्हावी. शनिवारी चाल वाजवण्यास आणि पुढेही कोणीही वाजवण्यास माझी परवानगी आहे. मात्र ती गिडियन वाजवी तेवढीच वाजवावी.

जबाब हवालदार रेंडल यांनी मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी 'टेकडीतून चाल ऐकल्याचा त्यास भास झाला' असे लिहिले होते. ते वाक्य माझ्या सांगण्यावरून काढले. त्याने ऐकली होती. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.