विलायती पोरीचं स्टूल

शेठजीच्या दयेचं कवतिक मले नका सांगू बाप्पा, ते म्या डोळ्यानं पाह्यलं हाय. डोणगावात तंबूतला मुका सिनेमा आला होता, विलायतेकडचा. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं वाचून लोकाइले गोष्ट सांगाले मले, शाळामास्तराले, उभं केलं होतं. समोर खुर्चीवर कापसाच्या जिनिंग कारखान्याचा मालक शेठजी. अन् पडद्यामागं फुकटात उलटं चित्र पाहाले त्याच्याच जिनातल्या, कापसातला कचरा वेचणाऱ्या पोरी.

सिनेमातली गरीब पोरगी कारखान्यात दिवसभर बाटल्यांवर कागद चिकटवे. मालक तिच्यावर खेकसला, की शेठजी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसे. शेवटी त्याले राहवलंच नाही.

"मास्तर, कोन्त्या देशातलं हाय हे? एवढ्याशा लेकराले राबवतात! मानसं हायत का राक्षस?"

मी तोंड उघडायच्या आत पडद्यामागून शेवंती बोलली. दहा वर्षांची असंल. जिनात सकायपासून दिवेलागणीपर्यंत उभी राहे.

"ओ मास्तर, तिले तर बसाले स्टूल देलं हाय! मंग शेठजी काऊन रडून राह्यले?"

शेठजीचे डोळे लगेच कोरडे झाले.

पण मानूस लय दयाळू, बरं! दुसऱ्याच दिवशी त्यानं जिनात कोरं करकरीत स्टूल पाठवलं. मी मुद्दाम पाहाले गेलो.

त्याच्यावर मुकादम बसला होता.