मानपत्रातलं चौथं वाक्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या बाटली कारखान्याचे संचालक महोदय, प्रमुख पाहुणे म्हणून अगत्यानं आलेले आपले माजी व्यवस्थापक साहेब, कार्मिक अधिकारी, जिच्यासाठी हा सगळा थाट आहे ती सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या भाषांतरबाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि सूनबाई, भट्टी, साचे, तपासणी, बांधणी या चारही खात्यांतले माझे आजी-माजी सोबती, आणि खुर्च्या न पुरल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभी असलेली सगळी मंडळी, आपणा सर्वांना या जुन्या भट्टीमास्तरचा नमस्कार.

मला सात मिनिटं दिली आहेत. खिशात भाषण लिहून आणलंय. नातीनं ते तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, छान आहे, फक्त मध्येच खोकू नका." ते भाषण आता खिशातच राहील. कारण मघाशी बाईंचं मानपत्र वाचलं गेलं, आणि त्यातलं चौथं वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं.

काय होतं ते वाक्य? "एका प्रसंगी अनवधानाने घडलेली चूक वगळता, बाईंची एकतीस वर्षांची सेवा निर्दोष राहिली." आपण टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा दोन वाजवल्या, मग हात थांबले. अहो, निरोपाच्या दिवशी फुलांचा गुच्छ द्यायचा, भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, आणि त्याच हातानं चिमटा काढायचा? कोणाला सुचतं हे? आणि हे नुसतं मानपत्रातलं वाक्य नाही. बाईंच्या सेवापुस्तकात वीस वर्षांपूर्वीचा शेरा आहे, 'निष्काळजी भाषांतर'. त्या शेऱ्यापायी त्यांना कधी विभागप्रमुख केलं नाही. आज पाच वाजता ते सेवापुस्तक बंद होऊन कपाटात जाईल, ते कायमचं. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झालीत. अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे पाहिलंत ते मला दिसलं, पण मी त्याच्याही आधी पाहिलंय.

नव्या मुलांना काहीच माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. काचेची भट्टी रात्रंदिवस जळते, पण दर दोन-तीन वर्षांनी तिच्या आतल्या विटा झिजतात. मग ती विझवायची, नवं अस्तर लावायचं, पुन्हा पेटवायची. तेवढे दोन महिने त्या भट्टीवरची माणसं घरी. मुख्य कचेरीतून इंग्रजी पत्र यायचं, त्यात शब्द असायचा 'ले ऑफ'. बाई त्याचं आपल्या भाषेत करून सूचनाफलकावर लावायच्या, 'काम तात्पुरते बंद, भट्टी पेटताच बोलावणे येईल'. आणि बोलावणं यायचंच. आम्ही हातमोजे आपापल्या नंबरच्या खुंटीवर टांगून जायचो आणि दोन महिन्यांनी त्याच खुंटीवरून काढून घालायचो. नियम एकच होता, मधल्या काळात दुसरीकडे नोकरी धरली की खुंटी गेली. म्हणून कोणी धरत नसे. अकरा वर्षं हे असं चाललं.

वीस वर्षांपूर्वी पहिल्या भट्टीसाठी पुन्हा तसंच पत्र आलं, तोच शब्द. फलकावर तीच सूचना लागली. एकशे चाळीस माणसांनी हातमोजे टांगले आणि घरी गेली. दोन महिने झाले, चार झाले. आमचा एक तपासनीस होता, बाटली उजेडात धरून डोळे बारीक करून बघायचा, म्हणून त्याला सगळे 'बघ्या' म्हणत. तो दर सोमवारी दाढी करून, धुतलेला सदरा घालून फाटकाशी यायचा. पहारेकऱ्यानं शेवटी त्याच्यासाठी स्टूल ठेवलं. त्याला दोन गावांहून कामाची विचारणा आली होती. माझ्या मेहुण्यानं मला एका बेकरीच्या भट्टीवर काम आणलं होतं. मी म्हणालो, "अरे, पाव भाजायला मी काही रिकामा नाही. माझा नंबर जाईल." मेहुणा आमच्या हिला म्हणाला, "ताई, दाजींच्या डोक्यात काच गेलीय." अकरा महिने आम्ही वाट बघितली. आणि मग एके दिवशी आत जाऊन बघतो तर भट्टी उकलून विटा ट्रकमध्ये भरल्या जात होत्या. ती पुन्हा पेटणारच नव्हती, आणि हे मुख्य कचेरीत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

गलका झाला. व्यवस्थापनानं कानावर हात ठेवले. म्हणे, इंग्रजी पत्रात सगळं स्पष्ट होतं, बाईंनी भाषांतर चुकवलं. चौकशी बसली. त्या बैठकीत टेबलावर एक नवाकोरा शब्दकोश ठेवला होता. ज्या कचेरीनं बाईंना अकरा वर्षं पानं सुटलेल्या शब्दकोशावर राबवलं, तिला त्या दिवशी बरी नव्या शब्दकोशाची आठवण झाली! त्यात बोट ठेवून दाखवलं, हा बघा अर्थ, कामावरून कायमचं कमी करणं.

खोटं नव्हतं ते. पण बाईंनी तेव्हा जे सांगितलं ते कोणी लिहून घेतलं नाही, म्हणून आज मी सांगतो. त्यांनी वाचनालयात बसून या दोन शब्दांची सगळी कुळकथा काढली होती. फार पूर्वी म्हणे अंगावरचं उतरवून बाजूला ठेवणं, असा त्याचा अर्थ. खलाशांच्या तोंडी जहाज किनाऱ्यापासून लांब ठेवणं. मग हातातलं काम थोडा वेळ थांबवून विसावा घेणं. मग हंगामी कामगाराला हंगाम संपला की घरी पाठवणं आणि हंगाम आला की परत घेणं. त्यात कोणाला कमीपणा नव्हता, घरी जाणारा मान वर करून जायचा. आणि मग हळूहळू, कारखान्यांच्या काळात, कायमचा रस्ता दाखवणं. बाई म्हणाल्या, "साहेब, हे आपोआप झालं नाही. कायमचं काढायचं असलं की तसं म्हणायला जड जातं. म्हणून परत बोलावण्याचा शब्द उचलला आणि बोलावणं तेवढं वगळलं."

मी शिकलेला माणूस नाही. पण मला सांगा, शब्द लोकांनी वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे वापरला, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला. आणि तोच विश्वास वापरून एकशे चाळीस घरांच्या तोंडाला पानं पुसली, याला काय म्हणायचं? याला अनवधान म्हणायचं? आणि खापर कोणाच्या डोक्यावर? तर टाइपरायटरवर बसणाऱ्या बाईच्या!

बरं, लोकांनी तरी सोडलं का? त्याच बाईंबरोबर आम्ही चहा प्यायचो, त्यांच्याकडून मुलांचे अर्ज लिहून घ्यायचो. चौकशीनंतर त्या कँटीनमध्ये आल्या की बाक रिकामा व्हायचा. बघ्याची बायको त्यांच्या दारात जाऊन म्हणाली, "तुमच्या एका कागदानं आमचं वर्ष खाल्लं." बाईंनी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. स्वतःची बाजू सांगितली नाही. बघ्या पुढं गाव सोडून गेला, कुठं गेला ते मला आजही माहीत नाही.

आता मुद्द्यावर येतो. चौकशीत स्वतःच्या बचावासाठी बाई एवढंच म्हणाल्या, "सूचना लावण्याआधी मी व्यवस्थापक साहेबांना विचारलं होतं." साहेब म्हणाले, "मला आठवत नाही." मग विचारलं गेलं, साक्षीदार आहे का कोणी?

साहेब, आपण आज इथं बसला आहात, आपलं वय झालंय, माझंही झालंय. आपल्याला खरंच आठवत नसेल तर मी आठवण देतो. सकाळची वेळ होती. आपल्या खोलीचं दार उघडं होतं. बाई पत्र घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, दरवेळी शेवटी परत कधी यायचं ते लिहिलेलं असतं. यात नाही. हे कायमचं आहे का?" आपण म्हणालात, "शब्द तोच आहे ना? मग नेहमीचंच लिहा." बाई म्हणाल्या, "मुख्य कचेरीला विचारून घेऊ का?" आपण म्हणालात, "लोकांना उगाच घाबरवू नका. टाइप करा."

हे मला कसं ठाऊक? कारण भट्टीच्या तापमानाची वही सहीसाठी घेऊन मी दारात उभा होतो. शब्दन् शब्द ऐकला. साहेब नेहमीचंच म्हणतात म्हणजे नेहमीचंच, असं समजून मी हातमोजे टांगून घरी गेलो.

आणि चौकशी समितीत कामगारांचा प्रतिनिधी कोण होता? सभागृहातल्या जुन्या लोकांनी माना खाली घातल्या, म्हणजे त्यांना आठवतंय. मी होतो. साक्षीदार आहे का, असं विचारल्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या नव्याकोऱ्या शब्दकोशाकडे पाहिलं. आदल्याच दिवशी मला निरोप आला होता की दुसऱ्या भट्टीवर सतरा माणसं परत घेणार आहेत. मी मूग गिळून बसलो. 'निष्काळजी भाषांतर' या शेऱ्याखाली तीन सह्या आहेत, तिसरी माझी आहे. महिन्याभरात मी दुसऱ्या भट्टीवर कामाला लागलो.

त्यानंतर बाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी निवृत्त झालो तेव्हा माझं मानपत्र त्यांनीच लिहिलं. कष्टाळू लिहिलं, वक्तशीर लिहिलं, भट्टीचा जाणकार लिहिलं. 'सत्यवचनी' असं इतरांच्या मानपत्रात असतं, माझ्यात नव्हतं. बाई शब्द जपून वापरतात, हे त्या दिवशी मला कळलं. घरी येऊन ते मानपत्र मी ट्रंकेत तळाशी ठेवलं.

अध्यक्ष महोदय, आत्ता जे बोललो ते सगळं मी काल या कागदावर लिहून, सही करून आणलंय. धीर झाला तर समारंभानंतर गुपचूप आपल्याकडे द्यायचा, असा विचार होता. त्या चौथ्या वाक्यानं माझी लाज काढली. कार्मिक अधिकारी साहेब, हा कागद घ्या. हात पुढे करा, लाजू नका. सेवापुस्तक बंद होण्याआधी त्यात लावा आणि तो शेरा खोडा. माझी सही तिथं आहे, ती मी मागं घेतो. साहेबांना काही आठवलं तर त्यांनीही खाली दोन ओळी लिहाव्यात. आणि नाही आठवलं, तर तसंही लिहावं, पण आज बाईंच्या समोर बसून लिहावं.

ज्यांनी मला इथं बोलावलं त्या समितीचे आभार. इतक्या जणांनी इतका वेळ शांतपणे ऐकलं, त्या सर्वांचे आभार. बाईंच्या यजमानांचे आणि सूनबाईंचे आभार, मधूनच उठून गेले नाहीत म्हणून. रागाच्या भरात माझ्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल, तर सभागृहानं ते पोटात घालावं.

बाई, मी जे बोललो नाही, ते मात्र पोटात घाला असं तुम्हाला म्हणायला मला तोंड नाही.