घरातलं बटण

बायांनो, आधी ऐका, मग हसा. माझ्या कानाच्या मशीनला दोन बटणं आहेत, एक घरातलं, एक गर्दीतलं. गर्दीतलं दाबलं की श्रीरामपूर स्टँडवरचा कंडक्टर खणखणीत ऐकू येतो. घरातलं दाबलं की चिडीचूप. मी तडक दुकान गाठलं.

"अर्धं मशीन मुकं दिलंस व्हय रे मला?"

दुकानदारानं घरातलं बटण दाबलं आणि अगदी हळू विचारलं, "आजी, घरी तुमच्याशी बोलतं कोण?"

अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

घरी आले. मी बहिरी होते तेव्हाच्या सवयीनं सुनेनं तोंडापाशी बोटं नेली, म्हणजे जेवता का.

"अगं, तोंडानं बोल की! आता समदं ऐकू येतंय मला."

तिनं नुसती मान डोलावली आणि ताट पुढं सरकवलं.