समास कोरा होता

– करते ना सही, तिमोदी, पळून का जातेय मी? बैठक दोनला आहे, आत्ता कुठे साडेबारा वाजतायत. बस. अंजेश्नीचीच खुर्ची ओढून बस, ती काही एवढ्यात येत नाही. तिच्या पाठीला म्हणे खास खुर्ची लागते! सोळा वर्षं मी या लाकडी खुर्चीत बसून तुम्हा डॉक्टरांचं इंग्रजी सरळ केलं, माझ्या पाठीचं कुणी विचारलं? नाही विचारलं. पाय सांभाळ हं, टेबलाखाली यांगोनाच्या मुळ्यांचं पुडकं आहे. कुणाच्या तरी मयताला न्यायचंय. चहा घे, लिंबाच्या पानांचा आहे. आठवीत माझ्या वर्गात होतास तेव्हा तुझा अख्खा निबंध एका वाक्यात मावायचा – पूर्णविराम म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं तुला – आणि आता बघा, मुलांच्या हृदयविकारावर शोधनिबंध! छापून आला तेव्हा मी सगळ्या मजल्याला दाखवत फिरले, खरंच सांगते.

दे तो कागद, माझ्या नावचा जबाब. ‘अंजेश्नी लाल यांच्याकडून माझ्याकडे आलेल्या फाइलमध्ये आकड्यांबद्दल कोणतीही शंका नोंदवलेली नव्हती.’ बरोबर आहे. तुझ्याकडे फाइल आली तेव्हा समास कोरा होता, तूच पाहिलास. इंजेक्शन चुकलेली मुलं मजकुरात अठ्ठेचाळीस, तक्त्यात चौऱ्याऐंशी – आणि कुठल्या कोण परक्या वाचकानं पत्र लिहून तुझी लाज काढली. तुझं पहिलंच काम रे! पहिली वाचणारी ती, मी दुसरी, मी आपला शेवटचा हात फिरवते. मग पकडायचं कुणी? तिनं. आता म्हणते, मी विचारलं होतं, खूण केली होती. कुठे, कशी, ते मात्र तिलाच धड आठवत नाही. आणि दाखवणार कशी? आपल्याकडे फाइल एकच, तीच पुढे सरकते. उगाच आपलं बोलायचं. आठ दिवस चेहरा पाडून बसलीय – खाई त्याला खवखवे. तिचं कंत्राट वाढवायचं की नाही ते आज ठरणार, त्याला मी काय करू?

जळते? मी? मी कशाला जळू त्या पोरीवर – ब्रिस्बेनला शिकून आली म्हणून? अरे, दहाच्या चहाला सोळा वर्षं मी बाबाकाऊचे गोड गोळे तळून आणते, प्रोफेसर कोरोई एक उचलतात, म्हणतात, ‘हं, छान.’ ही एकदा बटाट्याची भाजी गुंडाळून रोट्या काय घेऊन आली, दोन खाऊन वर तिसरी मागितली त्यांनी! आणि सगळ्यांसमोर म्हणतात, अंजेश्नीची नजर म्हणजे घारीची नजर. मग माझी काय घुबडाची? फाइल उघडावी तर सगळं लाल, आणि दर दुरुस्तीशेजारी समासात तिचं नाव. अंजेश्नी लाल, अंजेश्नी लाल, अंजेश्नी लाल. माझ्या वाट्याला काय? एखादा स्वल्पविराम. बरं, तो मी घातला हे तरी कोण बघतंय?

आणि शेवटचे आभार. बारीक अक्षरातले. लोकांना वाटतं, ते कोण वाचतं – मी वाचते, मी आधी तेच वाचते. एकेचाळीस निबंधांत छापलंय, ‘केलेरा नाइवालू यांचे मनःपूर्वक आभार.’ कापून ठेवलेत सगळे, बिस्किटांच्या डब्यात. माझा नवरा हसायचा. आणि तुझ्या मसुद्यात काय होतं? ‘अंजेश्नी लाल आणि केलेरा नाइवालू.’ तुला पूर्णविराम द्यायला शिकवलं मी, आणि माझं नाव ‘आणि’च्या मागे! प्रोफेसरांनी सांगितलं असेल, असू दे, लिहिलं तुझ्याच हातानं ना? पोटात दुखलं माझ्या. हो, दुखलं. भाषा तपासायला बसवलंय तर भाषा तपासावी, आकड्यांत नाक कशाला खुपसायचं? सातव्या पानावर ही एवढी पिवळी खूण करून – ‘डॉक्टर, अठ्ठेचाळीस की चौऱ्याऐंशी? छापण्याआधी नक्की बघा’ – म्हणजे डॉक्टरला ही शिकवणार –

काय झालं? कप का ठेवलास?

असा बघू नकोस, तिमोदी. मी नुसता समास स्वच्छ केला. एक बटण असतं – सगळ्या दुरुस्त्या मान्य, सगळ्या टिपा गायब. तिचं नाव जावं, एवढंच होतं मनात. ती खूण मी वाचली होती. वाटलं, तुला तोंडी सांगेन, म्हणजे केलेरा मॅडमनी पकडलं असं होईल. तर तू त्याच दिवशी बोटीनं लाऊच्या बेटांवर गेलास, मुलांच्या तपासणीला, तीन आठवडे. प्रोफेसरांनी निबंध पाठवून दिला. मी विसरले. – नाही. विसरले नव्हते. रोज आठवत होतं. पण आज सांगावं तर काल का नाही सांगितलं, असं व्हायचं, आणि उद्या ते दोन दिवसांचं व्हायचं.

पुडकं? मयत कुठलं आलंय, कुणी मेलं नाही. बुधवारी बाजारातून आणलं मी ते. माफी मागायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, एवढं तुलाही कळतं. चार पावलांवर तिचं टेबल, पण तेवढं अंतर काही चालवलं नाही मला.

तो कागद फाड. नाही, दे इकडे, मी फाडते. बैठकीला येते मी, माझ्या तोंडानं सांगते. पण आधी – हात लावू नकोस पुडक्याला, माझं मी उचलते. जिन्यात तिच्याच चपला वाजतायत. ऊठ. ऊठ म्हणते ना, तिची खुर्ची आहे ती. जा तू आता.