तक्त्यावर चढलेलं अंडं

…आणि नवरा मला विचारतो काय, तर "गुरुवारचं शुक्रवारवर नाही का ढकलता येणार?" आता तुम्हीच सांगा, हा काय गॅसवाला आहे, की आज नाही जमलं तर उद्या येईल? डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी चष्मा नाकावर उतरवून सांगितलं होतं, "हे बघा, मी थांबेन, नर्स थांबेल, पण अंडं थांबत नाही." मी मान डोलावली. नवऱ्यानेही डोलावली, फोनकडे बघत, कारण तेवढ्यात कुठेतरी नवव्या मजल्यावर कुणीतरी अडकलं होतं.

कुणीतरी कायम अडकलेलं असतं, तुम्हाला सांगते. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. फोन आला की ताटावरून उठतो, आंघोळीतून निघतो… बरं, भांडायची सोय नाही, कारण लगेच म्हणतो, "मग त्या म्हातारीला आत ठेवू का दोन तास?" म्हातारीची दया येते हो मला, अगदी येते, पण मनात हेही येतं की दुसऱ्याच मजल्यावर जायचं होतं तर बाई जिना काय वाईट होता? मी दुष्ट आहे का? असेन. मूल व्हावं म्हणून रोज पोटात सुई टोचून घ्या, मग बघू तुम्ही किती सुष्ट राहता ते.

आणि या सगळ्यात पुरुषाला काम किती, तर एक दिवस, एक खोली, एक डबी. तेही जमेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांचा नमुना आधीच घेऊन गोठवून ठेवू." तीनदा वेळ घेतली, तिन्ही वेळा लिफ्ट बंद. तिसऱ्यांदा तर दवाखान्याच्या पायरीवरून परत गेला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याचा जन्मसुद्धा सांगितलेल्या तारखेनंतर पंधरा दिवसांनी झालाय, तू कशाला जीव जाळतेस?" मी कशाला जाळते? टेस्ट-ट्यूब बाळाच्या दोन खेपा फुकट गेल्या होत्या, ही तिसरी, आणि यानंतर नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. माझ्यात चौथ्या खेपेची ताकदच नव्हती. आणि अंडं थांबत नाही.

तर मी रडले. थोडीशीच, भाजी चिरताना, म्हणजे बहाणा हाताशी होता. पण त्याने पाहिलं. आणि मग या शहाण्याने काय केलं माहितीये? त्यांच्या कंपनीत ड्यूटीचा तक्ता असतो, प्रत्येकाच्या फोनवर दिसणारा. त्यात नोंद झाली तरच काम होतं, नाही तर नाही. याने तिथे रीतसर तक्रार टाकली. तक्रार: अंडं. ठिकाण: दवाखाना, तिसरा मजला. वेळ: गुरुवार, सकाळी साडेआठ. माणूस अडकला आहे का: अजून नाही.

आठ मेकॅनिकांनी वाचलं ते. आठ. मला जमिनीने गिळलं असतं तरी चाललं असतं. दुपारी त्यांच्या ड्यूट्या लावणाऱ्या ताईंचा फोन, "वहिनी, सोनोग्राफीत किती आलं? अंड्याची पिशवी अठरा मिलिमीटर झाली का? नाही म्हणजे, अंडं बुधवारीच काढायचं ठरलं तर मला माणसं हलवावी लागतील." माझ्या आईलासुद्धा माहीत नव्हतं हो किती मिलिमीटर ते. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा मेकॅनिक, ज्याला सगळे काका म्हणतात, त्याने निरोप धाडला, "सूनबाईला सांग, गुरुवारी अख्खं शहर अडकलं तरी तुझा फोन मी उचलतो." मी लाजू की रडू? दोन्ही केलं.

गुरुवार उजाडला. अंडी पिकवायच्या शेवटच्या इंजेक्शनला छत्तीस तास होत आलेले, मी हिरवा गाऊन घालून पलंगावर, आणि काय आश्चर्य, नवरा चक्क शेजारी. फोन बंद. पावणेनऊला नर्स आत आली, चेहरा उतरलेला. "जरा उशीर होईल. मॅडम लिफ्टमध्ये अडकल्यात."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे बघितलं. "बिल्डिंगच्या लिफ्टवाल्याला बोलावलंय, तासाभरात येईल," नर्स म्हणाली. तासाभरात? तोवर माझी अंडी काय जपमाळ ओढत बसणार होती? मी म्हटलं, "अरे ऊठ, बघतोस काय." म्हणतो, "आज मी कुणाचीच लिफ्ट उघडणार नाही असं तुला वचन दिलंय." इतक्या वर्षांत पहिल्यांदा वचन पाळायला निघाला, आणि तेही कुठे?

ढकलूनच पाठवला. वीस मिनिटांत डॉक्टरीणबाई बाहेर, आणि मागून हा, कोपरापर्यंत काळं ग्रीस. नर्सने त्याच्या हातात डबी द्यायला हात पुढे केला, त्याचे हात पाहिले आणि डबी मागे घेतली. "आधी साबण. दोनदा." दारापर्यंत गेलेला तो वळून माझ्याकडे बघून हसला. तेवढ्यात मला भुलीची गुंगी आली, तेव्हा मी पण हसले की नाही, देव जाणे.

गर्भ रुजला एकदाचा. मुलगी झाली, आता अकरा महिन्यांची आहे. परवा दवाखान्यातून फोन आला, "तुमचे दोन गर्भ गोठवलेले आहेत आमच्याकडे. दुसऱ्याचं काही ठरलंय का?" नवरा मागून म्हणतो, "सांग त्यांना, मी कधीही मोकळा आहे." मोकळा म्हणे. मी म्हटलं, "तू असशील रे बाबा. मी चार दिवस केस धुवायला वेळ शोधतेय." तर मोठ्या मनाने मुलीला कडेवर घेऊन म्हणाला, "जा, धू. अर्धा तास दिला तुला."

अर्धा तास. अर्ध्या तासात मूल करता येतं हो, केस नाही वाळत.