चार वाजताचा डबा

भिंगरी: …आणि महिनाभर चिप्सच्या पाकिटाकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही मी! शाळेतून आले की फ्रिज, फ्रिजमधून डबा, डब्यातून थेट पोटात. आता मैदानावर भोवळ येत नाही, आई. आज तर संघातच घेतलं मला! आणि हे सगळं कुणामुळे? तुझ्यामुळे!

आई: पुरे, लोणी लावू नकोस. मी काय केलं त्यात?

भिंगरी: अगं, रोज कापून ठेवतेस ते! गाजराच्या काड्या, सफरचंद, भाजलेले दाणे…

आई: मी? बये, तूच ना म्हणालीस, ‘मी आता मोठी झाले, माझं मी कापून घेईन’? त्या दिवसापासून मी सुरीला हात लावलेला नाही.

भिंगरी: म्हणाले खरी. पण दुसऱ्या दिवशी बघते तर डबा तयार! म्हटलं, आईला राहवलं नसेल. करू दे लाड.

आई: आणि मी रोज संध्याकाळी धुतलेला डबा बघत होते. म्हटलं, लेक सुधारली, बोलून दृष्ट नको लावायला.

भिंगरी: आई, उगाच घाबरवू नकोस हं.

आई: अगं, उजाडायच्या आत घर सोडते मी. दिवसभर शिलाईच्या मशीनवर. आज वीज गेली म्हणून लवकर सुटले. आणि काड्या? मी गाजराच्या चकत्या करते. जन्मभर चकत्याच केल्यात.

भिंगरी: …माझी दाढ दुखत होती, तेव्हा गाजर किसून ठेवलं होतं.

आई: दाढ कधी दुखली?

भिंगरी: तुला नव्हतं सांगितलं. कुणालाच नव्हतं.

आई: किल्ली कुणाला दिलीस?

भिंगरी: शप्पथ, गळ्यातच असते. खिडक्याही मीच येऊन उघडते.

आई: सरक. बघू दे.

(फ्रिजचं दार उघडतं.)

भिंगरी: आहे?

आई: आहे. आत्ता कापल्यासारखं ओलं. हे सगळं कचऱ्यात जाणार! यातलं काहीही तोंडात घालायचं नाही, कळलं?

भिंगरी: महिनाभर खाल्लंय गं. काय झालं मला? उलट…

आई: तेच तर! कुणाला ठाऊक, कोण पोसतंय तुला, कशासाठी! काही हवं असल्याशिवाय कुणी कुणाला भरवत नाही.

भिंगरी: तू भरवतेस.

आई: मी आई आहे.

भिंगरी: थांब, मागे अजून एक डबा आहे. हा तर तुझा कामावरचा! कपाटावर पडून होता ना?

आई: दे इकडे.

भिंगरी: काकडी. साल काढलेली. पण तू तर सालासकटच खातेस.

आई: वेळ कुठे असतो साल सोलायला? लहानपणी सोललेलीच आवडायची. तेव्हापासून माझ्यासाठी कुणी कधी… ते जाऊ दे. हे घर सोडायचं. उद्याच घरमालकांना विचारते, आधी इथे कोण राहत होतं ते. आणि आज माझ्याजवळ झोप.

भिंगरी: आई…

आई: दिवा चालू ठेवू. दाराला आतून खुर्ची लावू.

भिंगरी: आई, तू काहीतरी चावतेयस.

आई: …मीठ अगदी बेताचं लावलंय गं.