दाढेसाठी रजा

दातांच्या दवाखान्यात माझ्या समोर दोन कारकून बसले होते. एकाचा गाल टम्म सुजलेला. त्यानं नुकत्याच येऊन बसलेल्या दुसऱ्याला विचारलं,

“तू इथे कसा?”

“साहेबांनी तुला बघायला पाठवलंय. सकाळपासून डोळे पुसतायत. तुझं टेबल कोणाला द्यायचं, तेही विचारत होते.”

“अरे, दाढ काढायला अर्ध्या दिवसाची रजा मागितलीय मी.”

“अर्जात तर लिहिलंयस, ‘वेदनेशी झुंज आता संपत आली. माझ्यामागे बायको-मुलांना सांभाळा.’”

“ते एआयनं लिहिलंय. ऑफिसनंच दोन दिवसांचा कोर्स लावलाय ना. काल शिकवलं, ‘मनाला भिडेल असं लिही’ म्हणून त्याला सांगायचं.”

“पण पाठवण्याआधी वाचायचं तरी.”

“ते आज शिकवणार होते.”